आठच्या फोनला किती काड्या?

कॅन्सरची ट्रीटमेंट संपली, पेशंट घरी आला, पेढे वाटून झाले. पुढे काय? त्या 'पुढे'मध्ये कॉलेजात जाणाऱ्या आपल्यासारख्यांना करण्याजोगं बरंच काही आहे. चांदवडच्या एका भाचीचा हा अनुभव.

हा पेपर मिनिटभर मांडीवर ठेवा आणि एक करून बघा. अंगठा आणि करंगळी बाजूला घ्या. उरलेली तीन बोटं एकावर एक येतील अशी उभी धरा आणि वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये घाला. जातात ना? आपल्यापैकी बहुतेकांचं तोंड एवढं उघडतं. म्हणूनच आपण वडापावचा घास घेतो, जांभई देतो, लेक्चरला मागच्या बाकावर बसून खिदळतो. तोंड किती उघडतं हा विचार कधी डोक्यातही येत नाही.

यंदाच्या संक्रांतीला माझ्या मामांच्या तोंडात एकच बोट जात होतं. आणि तोवर त्यांची कॅन्सरची ट्रीटमेंट संपून सात आठवडे झाले होते. सगळ्यांच्या लेखी मामा बरे झाले होते. माझ्याही.

मामा परत आले

चांदवड म्हटलं की बाहेरच्यांना रेणुकामातेचं मंदिर आठवतं, अहिल्यादेवींचा रंगमहाल आठवतो, नाहीतर मुंबई-आग्रा हायवेवरचा राहूड घाट. आम्हाला आधी कांदा आठवतो. मामांचं गाव चांदवडपासून जवळच. दीड एकर द्राक्षबाग, बाकी कांदा आणि मका. वय ४८. विशीपासून गालात तंबाखूची चिमूट. एक दिवस गालाच्या आत जखम झाली, ती भरेना, तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर निघाला.

मग मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. चांदवडला रेल्वे नाही. मनमाड गाठायचं, पहाटेची पंचवटी पकडायची, दादरला उतरून परळला जायचं. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे आणि आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतले किती पेशंट तिथे जातात, हे पंचवटीच्या जनरल डब्यात एकदा बसलात की कळेल. मामा-मामी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. परगावहून आलेल्या कॅन्सर पेशंटना आणि त्यांच्या माणसांना तिथे अगदी कमी पैशात राहता येतं.

ऑपरेशनमध्ये मामांच्या गालाचा आणि जबड्याचा काही भाग काढावा लागला. छातीवरचं मांस आणि कातडी लावून ती जागा भरली. मग सहा आठवडे रेडिएशन, शनिवार-रविवार सोडून रोज. गावात त्याला 'शेक' म्हणतात. नोव्हेंबरच्या शेवटी मामा घरी आले. पेढे वाटले गेले. मी तेव्हा नाशिकला होते, इंटर्नशिपची धावपळ चालू होती. मी व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं, 'मामा इज बॅक'. भरपूर हार्ट आले. त्यानंतर सात आठवडे मी मामांना एकही फोन केला नाही. का करायचा? ट्रीटमेंट संपली होती ना!

खिशातले लाडू

संक्रांतीला मी गावी गेले. मामा ओट्यावर बसले होते, अंगात पांढरा सदरा, गळ्याभोवती मफलर. माणसं येत होती, तिळाचा लाडू हातावर ठेवत होती, 'गोड बोला' म्हणत होती. कोणी म्हणे, "वजन पार उतरलं हो तुमचं!" कोणी म्हणे, "तंबाखूनं घात केला." एक जण तर सांगून गेला, "आमच्या एका पाहुण्याचं दोन वर्षांनी उलटलं बघा." मामा लाडू घेत, हसल्यासारखं करत आणि सदऱ्याच्या खिशात टाकत. मीही एक दिला. वर म्हणाले, "खा ना मामा, एकानं काय होतंय?" मामांनी माझ्याकडे बघितलं आणि तोही खिशात टाकला.

संध्याकाळी मामीनं सदरा धुवायला घेतला. खिशातून नऊ लाडू निघाले. ते ताटलीत ठेवत मामी म्हणाली, "अगं, त्यांचं तोंडच उघडत नाही. भातसुद्धा मिक्सरमधनं काढून देते. मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून जेवतात. सांडतं ना, म्हणून."

माझा लाडू नाशिकच्या दुकानातला होता, चकचकीत कागदात गुंडाळलेला. ताटलीत तो लगेच ओळखू आला.

काड्यांचा हिशेब

झालं होतं असं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन आणि शेक या दोन्हींमुळे जबड्याचे स्नायू आखडत जातात. डॉक्टर याला ट्रिसमस म्हणतात. शेकाचा परिणाम लाळेच्या ग्रंथींवरही होतो. लाळ कमी झाली की तोंड सतत कोरडं पडतं, तिखट झोंबतं, चव बदलते किंवा जातेच. कोरड्या तोंडात तिळाचा लाडू म्हणजे वाळू.

घरी सोडताना फिजिओथेरपिस्टनी मामांना एक व्यायाम शिकवला होता. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचायच्या, दातांच्या मध्ये धरायच्या, ताण जाणवेल इतपतच, थोडा वेळ थांबून सोडायच्या. दिवसातून चार-पाच वेळा. जमेल तसतशी मध्ये एकेक काडी वाढवायची. एवढाच व्यायाम. पण तो महिनोन्‌महिने करावा लागतो. नाही केला तर तोंड आणखी मिटत जातं, मग खाणं, बोलणं, दात घासणं, सगळंच अवघड.

काड्यांचा जुडगा देवघराच्या फळीवर रबर लावून तसाच पडलेला होता. मामांनी पहिले दहा-बारा दिवस व्यायाम केला, दुखायला लागलं, सोडून दिला. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. हॉस्पिटलमध्ये रोज कोणीतरी विचारणारं होतं. घरी कोणीच नव्हतं.

माझा मामेभाऊ बारावीला आहे. त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं. त्यानं फिजिओथेरपिस्टना फोन करून व्यायाम पुन्हा नीट समजून घेतला. आणि रोज रात्री आठला मी नाशिकहून व्हिडिओ कॉल करायचा. माझं काम एकच, काड्या मोजायच्या. भाऊ फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि आकडा लिहायचा. पहिल्या दिवशीचा आकडा आठ.

सगळं गोड गोड झालं असं समजू नका. पहिल्या आठवड्यात मामा दोनदा चिडले. एकदा फोनच उलटा ठेवला, मला पाच मिनिटं नुसतं छत दिसत होतं. कांदा काढणीच्या धांदलीत आठ दिवस व्यायाम बुडाला आणि बारावर गेलेला आकडा अकरावर आला. पण फोन चालू राहिला. मेमध्ये आम्ही चौदावर पोचलो. चौदा काड्या म्हणजे जेमतेम दोन बोटं. तिसरं बोट कदाचित कधीच जाणार नाही, हे मामांना ठाऊक आहे आणि आम्हालाही.

काठावरचा माणूस

ही एकट्या मामांची गोष्ट नाही. 'ग्लोबोकॅन'च्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे पेशंट होते. आणि आधीच्या पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेली माणसं ३२ लाखांहून जास्त. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर तोंडाचाच. म्हणजे तुमच्या गल्लीत, तुमच्या वर्गातल्या कोणाच्या तरी घरात असा माणूस आहेच.

अमेरिकेत फिट्झह्यू मुलन नावाचे डॉक्टर होते. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांनाच छातीत कॅन्सर निघाला. त्यातून उठल्यावर १९८५ मध्ये त्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बुडणाऱ्याला बाहेर काढायचं तंत्र आपण शिकलो, पण बाहेर काढल्यावर त्याला काठावर खोकत सोडून आपण निघून जातो. आमच्याकडे विहिरीत पडलेल्याला वर काढलं की कोणीतरी घोंगडी घेऊन धावतंच. ट्रीटमेंट संपवून आलेल्या माणसासाठी ती घोंगडी कोण आणणार, एवढाच प्रश्न आहे.

उगाच मान डोलावू नका

जबड्याच्या ऑपरेशननंतर मामांचं बोलणं अस्पष्ट झालं. सुरुवातीला मला निम्मं कळायचं नाही. मग मी काय करायचे? हसून मान डोलवायचे. एका रात्री मामा थांबले आणि सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाले, "मी काय बोललो, सांग बरं." मला सांगता आलं नाही. मामा म्हणाले, "कळलं नाही तर परत विचार. मला बोलायला वेळ लागतो, पण वेळ आहे माझ्याकडं."

तेव्हापासून मी परत विचारते. दोनदा, तीनदा. कान हळूहळू सरावतो. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरची त्यांची वीसेक वर्षांची भाषणं महाराष्ट्रानं ऐकलीच की. राजकारणात कोणी कोणत्याही बाजूचा असो, त्यांचं बोलणं ऐकायची सवय सगळ्यांना झाली. एका पुढाऱ्यासाठी आपण कान सरावून घेतो, तर घरच्या माणसासाठी का नाही?

मैत्रिणीच्या आईचा हात

मामांबद्दल बोलायला लागले तशी वर्गातली एक मैत्रीण हळूच म्हणाली, "माझ्या आईला पण झालाय. ब्रेस्टचा." तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो आणि मला माहीत नव्हतं.

तिच्या आईच्या काखेतल्या गाठीही ऑपरेशनमध्ये काढल्या होत्या. तसं झालं की त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो, कधी कधी काही वर्षांनीसुद्धा. म्हणून त्या हाताला शक्यतो सुई टोचू नये, बीपीचा पट्टा बांधू नये, भाजणं-कापणं टाळावं असं सांगतात. पण हात जपायचा म्हणजे गळ्यात बांधून ठेवायचा नाही. काकूंना भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला होता. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर सरकवत न्यायची. मैत्रिणीनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या, प्रत्येक रेघेला तारीख. लहानपणी आपली उंची मोजतात ना, तशा.

काकू घराबाहेर पडायला लाजत. सदऱ्यात रुमाल कोंबून चालत. बाजारातली सिलिकॉनची कृत्रिम स्तनं महाग आणि उन्हाळ्यात जड. मग मैत्रिणीला 'निटेड नॉकर्स इंडिया'बद्दल कळलं. सुती दोऱ्यानं क्रोशावर विणलेली हलकी, धुता येणारी स्तनं त्यांच्या स्वयंसेविका मोफत देतात. मूळ चळवळ अमेरिकेतली, आपल्याकडे मुंबईसह अनेक ठिकाणच्या बायका हे विणतात. मैत्रिणीनं काकूंसाठी जोडी मागवली आणि आता स्वतः क्रोशा शिकतेय. आमच्या पिढीत क्रोशा ट्रेंडिंग आहेच. टोप्या आणि बॅगा विणता येत असतील तर हेही येईल.

थकवा आणि भीती

ट्रीटमेंटनंतरचा थकवा झोप काढून जात नाही. तो महिनोन्‌महिने टिकू शकतो, काहींना वर्षभराहून जास्त. गावात सगळे म्हणतात, 'पडून राहा, आराम करा.' पण संशोधन वेगळं सांगतं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं बोलावलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये सांगितलं, की आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास चालण्यासारखा मध्यम व्यायाम केला तर थकवा, चिंता आणि उदासी कमी व्हायला मदत होते. अर्थात डॉक्टरांना विचारून आणि थोड्यापासून सुरुवात करून. मामेभाऊ संध्याकाळी मामांना मळ्यापर्यंत चालायला नेतो. जाताना मामा त्याला फवारणीचं सांगतात, येताना तो मामांना केमिस्ट्री सांगतो. मामांना केमिस्ट्रीतलं काही कळत नाही, पण भावाची उजळणी होते.

भीतीवर मात्र असा सोपा उपाय नाही. तोंडाचा कॅन्सर उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त असतो, म्हणून सुरुवातीला तपासण्या जवळजवळच्या असतात. तपासणीच्या चार दिवस आधीपासून मामा गप्प होतात. मामी डबे घासायला काढते, घासलेलेच परत घासते. एप्रिलच्या तपासणीआधी मामा म्हणाले, "नको जायला. बराय मी." मी लेक्चर देणार होते, म्हणजे आकडेवारी वगैरे. मामीनं खुणेनंच मला गप्प केलं आणि विचारलं, "भीती वाटतेय का?" मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हां." आम्ही चौघं तसेच बसून राहिलो. पहाटे मामांनी स्वतःच पिशवी भरली.

तपासणीच्या प्रवासालाही रेल्वेची सवलत मिळते, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. हॉस्पिटलच्या सही-शिक्क्याच्या फॉर्मवर कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीमध्ये १०० टक्के, तर सेकंड क्लासमध्ये ७५ टक्के सवलत आहे. सोबतच्या माणसालाही सवलत मिळते. असले फॉर्म भरणं, रांगेत उभं राहणं, फाईल तारखेप्रमाणे लावणं हे आपण कॉलेजमध्ये रोज करतो. स्कॉलरशिपचा फॉर्म भरता येतो ना? मग हाही येतो.

आणि हो, यातून गेलेली तुमच्या-माझ्या वयाची मुलंही आहेत. लहानपणी कॅन्सर झालेली मुलं बरी झाल्यावरही त्यांच्या तब्येतीवर लक्ष राहावं म्हणून टाटा मेमोरियलमध्ये १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं अशा तरुणांनी 'उगम' नावाचा गटही उभा केलाय, २००९ पासून. ही मुलं शिकतात, नोकऱ्या करतात आणि आपल्यासारख्याच इतरांना आधार देतात. वर्गात असं कोणी असेल तर त्याला 'बिचारा' करू नका. त्याच्याकडून नोट्स मागा.

तुम्ही काय करू शकता?

• 'काही लागलं तर सांगा' म्हणू नका, कोणी सांगत नाही. 'बुधवारी दुपारी मी फाईल घेऊन तुमच्यासोबत येतो' असं सांगा.

• व्यायाम डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील तोच. आपलं काम आठवण करायचं आणि मोजायचं. काड्या जबरदस्तीनं घुसवायच्या नाहीत.

• तोंड-गळ्याला शेक घेतलेल्या माणसानं दात काढण्याआधी दाताच्या डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. शेक बसलेलं जबड्याचं हाड सहजी भरून येत नाही.

• नवी गाठ, न भरणारी जखम, हाताची सूज, गिळताना अचानक त्रास दिसला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

• खाऊ नेण्याआधी विचारा, काय खाता येतं. मऊ खिचडी, ताक, नाचणीची पेज चालते का, ते त्यांनाच विचारा.

• 'तंबाखू खाल्ली म्हणून झालं' हे त्यांना माहीत आहे. त्यांच्यासमोर पुडी काढू नका. सोडायची असेल त्याला राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर द्या, १८००-११-२३५६.

• मन फार खचलेलं वाटलं तर 'टेली-मानस'चा नंबर १४४१६. घरात सेवा करणाऱ्या माणसालाही तो लागू शकतो.

पंगतीत

मेमध्ये घरात लग्न होतं. मामा पंगतीला बसणार नाहीत, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मामेभावानं आदल्या दिवशी वाढप्या पोरांना गाठून सांगितलं, की शेवटच्या पंगतीत एका ताटात फक्त मऊ भात आणि पातळ वरण, वर तूप, आणि ते ताट उचलायची घाई करायची नाही.

मामा शेवटच्या पंगतीला बसले. मफलर काढून ठेवला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाऊ. थोडं सांडलं. मामीनं रुमाल पुढे केला, मामांनी पुसलं आणि पुढचा घास घेतला. आजूबाजूची माणसं उठून गेली, सतरंज्या गुंडाळायला लागले, मामा जेवत होते. पाऊण तास लागला. मग मामांनी वाढप्याला हाक मारली. त्याला कळलं नाही. तो मान डोलावणार होता, तेवढ्यात जवळ आला आणि म्हणाला, "काय म्हणालात काका?"

"मठ्ठा," मामा म्हणाले. "अजून थोडा."

आठ वाजत आलेत, मला फोन करायचाय. तुमच्या ओळखीत ट्रीटमेंट संपवून घरी आलेलं कोणी असेल, तर तुम्हीही करा. काय मोजायचं ते त्यांनाच विचारा.